विश्लेषण : गायक कोण, साल कोणते? फॉरवर्ड होणाऱ्या जुन्या मैफलींचे कोडे रसिक कसे सोडवतात?

रात्री अकराच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ऑडिओ फाइल येते. सोबत एवढाच मजकूर : 'दुर्मीळ मैफल. जरूर ऐका.' पाच मिनिटांत 'वाहवा', 'क्या बात है' आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. मग कुणीतरी विचारते, 'पण गायक कोण?' आणि ग्रुप शांत होतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या अनेकांच्या परिचयाचा हा प्रसंग. रेकॉर्डिंग फोनाफोनांवर पोहोचते, मात्र गायकाचे नाव, मैफलीचे गाव आणि साल वाटेत गळून पडते. ही माहिती परत मिळवण्याचे काम बहुतेक वेळा ऐकणारेच करतात. ते कसे होते, त्यात तंत्राची मदत किती आणि घरातल्या जुन्या कॅसेटचे काय करावे, याविषयी.

मैफलीपासून दूर राहणाऱ्यांसाठी रेकॉर्डिंग किती महत्त्वाचे?

भिवंडी तालुक्यातील राहनाळचे उदाहरण घ्या. ठाणे-भिवंडी परिसरातील गोदामांच्या पट्ट्यातले हे गाव. भिवंडी रोड हे रेल्वे स्थानक दिवा-वसई मार्गावर आहे, मुंबईच्या मुख्य उपनगरी मार्गावर नाही. राहनाळहून दादर किंवा नरिमन पॉइंटच्या मैफलीला जायचे तर आधी वाहतूक कोंडीतून ठाणे गाठायचे आणि मग लोकल पकडायची. परतीचे गणित तर याहून अवघड. मैफल रंगात येते, तेव्हाच घड्याळाकडे लक्ष जाऊ लागते. अशा गावातल्या श्रोत्यासाठी फोनवरचे रेकॉर्डिंग हीच मैफल असते.

यात नवे काही नाही. पं. भीमसेन जोशी यांनी लहानपणी गदगमध्ये उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि असे गाणे आपल्यालाही यायला हवे, ही ओढ त्यांना लागली. १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडले. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले पं. कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिकांवर ऐकलेल्या मोठ्या गवयांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवत. दोघांनाही मोठे गाणे आधी तबकडीवर भेटले. फरक इतकाच, की त्या तबकडीवर गायकाचे नाव छापलेले होते.

मग फोनवर येईपर्यंत नाव हरवते कुठे?

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची सुरुवात नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी तेव्हा गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. त्याचे कारण व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना ना भाषा कळत होती, ना गाणे. कोणती तबकडी कुणाची, हे त्यांना कळावे म्हणून नाव थेट आवाजातच मुद्रित केले जाई.

आज नेमके उलटे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल अँड्रॉइड फोनमध्ये साठवली जाताना तिचे मूळ नाव जाते. त्याजागी 'एयूडी' ही अक्षरे, तारीख आणि एक क्रमांक येतो. ती तारीख मैफलीची नसते, फाइल फोनवर आली त्या दिवसाची असते. मूळ नावात 'राग, गायक, गाव, साल' असे सगळे लिहिले असले, तरी दोन-तीन फॉरवर्डनंतर त्यातले काही उरत नाही.

यावर सोपा उपाय आहे. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. मग मूळ नाव टिकते आणि फाइलही जशीच्या तशी पोहोचते. स्पीकरवर गाणे लावून त्याची व्हॉइस नोट पाठवणे मात्र टाळावे. व्हॉइस नोटचे तंत्र बोलण्यासाठी बनवलेले आहे. त्यात तानपुऱ्याची आस आणि तबल्याच्या बायाँची घुमार यांची आधी वाट लागते.

नाव नसेल तर नुसते ऐकून काय कळते?

बरेच काही. अनुभवी श्रोते गायकाचा आवाज ओळखण्याआधी रेकॉर्डिंगचा 'प्रकार' ओळखतात. त्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात.

गाणे तीन-साडेतीन मिनिटांत आटोपते आणि शेवटची तान घाईत येते, तर मूळ ध्वनिमुद्रण ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे असण्याची शक्यता मोठी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटेच मावत. बारा इंची तबकडीला त्याहून थोडा जास्त वेळ मिळे. गाणे वीस-बावीस मिनिटांचे, नेटके आणि टाळ्यांविना असेल, तर ते लाँग प्लेची एक बाजू असू शकते.

ख्याल ऐन रंगात असताना तिसाव्या किंवा पंचेचाळिसाव्या मिनिटाला अचानक तुटतो आणि काही आवर्तने गाळून पुन्हा सुरू होतो, तर ते कॅसेटवर केलेले मैफलीचे मुद्रण समजावे. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू तिसाव्या मिनिटाला, तर नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पंचेचाळिसाव्या मिनिटाला संपते. बाजू पालटेपर्यंतचे गाणे कायमचे गेलेले असते.

सुरुवातीला किंवा शेवटी निवेदकाचा आवाज असेल, तर मूळ रेडिओचे. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. पुढे घरोघरी टेपरेकॉर्डर आले, तेव्हा अनेकांनी तो रेडिओवरून मुद्रित करून ठेवला. फॉरवर्ड करणारे मात्र निवेदन 'नको असलेला भाग' म्हणून कापून टाकतात. त्याच वाक्यांत कलाकार, राग आणि साथीदारांची नावे असतात.

समेवर दाद, खोकला, चहाच्या कपांचा आवाज, दूरवर रेल्वेची शिट्टी हे सगळे घरगुती किंवा छोट्या सभागृहातल्या मैफलीकडे बोट दाखवते. एखाद्या जुन्या श्रोत्याला 'वा, बुवा!' म्हणणारा आवाजच ओळखीचा निघतो आणि गाव, घर, वर्ष सगळे उलगडते.

एकच गाणे दोन फाइल्समध्ये वेगवेगळ्या पट्टीत का ऐकू येते?

हा ग्रुपवरच्या वादाचा नेहमीचा विषय. एक म्हणतो, गायिका काळी एकमध्ये गात आहे. दुसरा पेटी लावून पाहतो, तर पांढरी दोन. दोघेही बरोबर असू शकतात, कारण दोघांकडच्या फाइल्सचा वेग वेगळा असतो.

'७८ फेऱ्यांची तबकडी' हे नाव सरसकट वापरले जाते. पण सुरुवातीच्या काळात वेग पक्का ठरलेला नव्हता. काही तबकड्या त्याहून कमी, तर काही जास्त वेगाने मुद्रित झाल्या. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर वेग सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याने सूर जवळजवळ एक पट्टी वर चढतो, म्हणजे काळी एकचे पांढरी दोन होते. तीन मिनिटे दहा सेकंदांचे गाणे तीन मिनिटांत संपते.

राग यात बदलत नाही. सगळे स्वर सारख्याच प्रमाणात वर सरकतात, त्यामुळे त्यांच्यातली अंतरे तीच राहतात. बदलतो तो आवाजाचा पोत. आवाज बारीक होतो, तान अधिक चपळ वाटते आणि श्रोता गायकाच्या तयारीला दाद देतो. त्यातली थोडी दाद खरे तर मोटरच्या वाट्याची असते.

टेपचेही तसेच. बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर टेप हळू फिरते. असे मुद्रण पुढे चांगल्या यंत्रावर वाजवले, तर गाणे वेगवान आणि चढे ऐकू येते. येथे एक तांत्रिक खूण कामी येते. विजेवर चालणाऱ्या यंत्रणेचा मंद गुणगुणाट अनेक मुद्रणांत उतरलेला असतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा गुणगुणाट ५२.५ हर्ट्झवर दिसला, तर मुद्रण सुमारे पाच टक्के वेगाने वाजते आहे, असे समजता येते.

वेगाची माहिती किती मोलाची, याचे एक उदाहरण पृथ्वीबाहेर आहे. १९७७ मध्ये झेपावलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवायची, याच्या आकृत्या कोरल्या आहेत. एक फेरी ३.६ सेकंदांत पूर्ण व्हावी, हेही त्यात सांगितले आहे. भाषा न कळणाऱ्या अनोळखी श्रोत्यासाठी एवढी काळजी घेतली गेली. आपल्या ग्रुपवरच्या फाइलला ती क्वचितच मिळते.

रसिकांच्या गप्पांना खरेच एवढे मोल आहे का?

जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांनी व्यावसायिक ध्वनिमुद्रण केले नाही. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. पं. भास्करबुवा बखले यांचे १९२२ मध्ये निधन झाले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रणही आज उपलब्ध नाही. हे गाणे कसे होते, याची कल्पना येते ती शिष्यांच्या गायकीवरून आणि प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींवरून. गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग'सारख्या लेखनाला म्हणूनच आजही महत्त्व आहे. 'अप्रतिम गायले' एवढेच लिहून ते थांबले असते, तर पुढच्या पिढीच्या हाती काही लागले नसते.

ध्वनिमुद्रणांबाबत असे सामूहिक काम महाराष्ट्रात संघटितपणेही झाले आहे. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. ऑस्ट्रेलियाचे संशोधक मायकेल किनियर आणि मुंबईचे सुरेश चांदवणकर यांचा त्यात पुढाकार होता. जुन्या तबकड्या एकत्र बसून ऐकायच्या, त्यावर बोलायचे आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात नोंदी छापायच्या, असे हे काम. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाभोवती लाखेत उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक यांच्या आधारे ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवता येतो. एखाद्या संग्राहकाकडे फुटलेली तबकडी असली, तरी लेबलाचा तुकडा दुसऱ्याचे कोडे सोडवू शकतो.

'वाहवा'च्या पुढे काय लिहावे?

दाद द्यायलाच हवी. मात्र सोबत चार ओळी लिहिल्या, तर त्या पुढच्या श्रोत्याच्या उपयोगी पडतात. जाणकार होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. साध्या नोंदीही पुरतात.

पहिली नोंद : फाइल कुठून आली? स्वतःच्या कॅसेटवरून, रेडिओवरून, की दुसऱ्या ग्रुपवरून.

दुसरी : वेळ. 'मध्यंतरी एक सुंदर जागा आहे' यापेक्षा 'अठराव्या मिनिटाला द्रुत सुरू होते, बाविसाव्या मिनिटाला पेटीवाल्याला दाद मिळते' असे लिहिले, की दुसऱ्याला नेमके तेच ऐकता येते.

तिसरी : साथ. पेटी आहे की सारंगी, मागे कुणी शिष्य गात आहे का. मागे गाणाऱ्याच्या आवाजावरूनही अनेकदा काळ ठरतो.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची : माहीत आहे ते आणि वाटते ते वेगळे लिहावे. 'कॅसेटवर असे लिहिले आहे' आणि 'मला असे वाटते' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. अनवट आणि जोड रागांबाबत तर हे पथ्य पाळायलाच हवे. एकाच गाण्याला तीन जण तीन रागांची नावे देतात आणि पुढच्या फॉरवर्डमध्ये त्यातले एक नाव पक्के होऊन बसते. चुकीचे नाव एकदा चिकटले, की काढणे कठीण.

'साफ केलेले' रेकॉर्डिंग अधिक चांगले का?

फोनवर ऐकायला ते सुखद वाटते. पण खरखर काढणारे सॉफ्टवेअर खरखर आणि तानपुरा यांत दर वेळी फरक करू शकत नाही. दोन्ही सतत चालणारे आवाज असतात. अति सफाईत तानपुरा विरतो, श्वास जातो, आवाजाची धार बोथट होते. आधीच १९२५ पूर्वीच्या तबकड्यांत मायक्रोफोन नव्हता. गायक भोंग्यासमोर गात आणि साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढ्याच टप्प्यातला आवाज नीट उतरे. त्या मर्यादित आवाजातूनही काही वजा केले, तर गायकाचा गळा ओळखणेच अवघड होते.

म्हणून नियम एकच. साफ केलेली प्रत ऐकायला, मूळ प्रत जपायला. तासाभराच्या एका चॅनलच्या मुद्रणाची २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल साधारण एक जीबीची होते. त्याच तासाची १२८ केबीपीएसची एमपीथ्री ६० एमबीच्या आत बसते. जपण्यासाठी पहिली, ग्रुपवर पाठवण्यासाठी दुसरी.

अशी रेकॉर्डिंग सार्वजनिक करणे कायदेशीर आहे का?

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाला ६० वर्षे संरक्षण असते. प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या सुरुवातीपासून ती मोजली जातात. उदाहरणार्थ, १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकेचे संरक्षण ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले. तरी त्यातील काव्य आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात. रचनाकाराच्या निधनानंतर ते ६० वर्षे टिकतात.

खासगी मैफलीचे रेकॉर्डिंग कधीच प्रकाशित झालेले नसते. त्यात कलाकाराच्या हक्कांचाही प्रश्न येतो. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकारांना स्वतंत्र हक्क मिळाले. कायद्याइतकाच येथे विश्वासाचा भाग आहे. 'फक्त ऐकण्यासाठी' म्हणून यजमानाला दिलेली परवानगी ही जगभर प्रसारित करण्याची परवानगी नसते. त्यामुळे अशी मैफल यूट्यूबवर टाकण्याआधी कलाकार किंवा वारसांना विचारणे योग्य.

घरात जुन्या कॅसेट, स्पूल किंवा तबकड्या सापडल्या तर काय करावे?

अनेक घरांत कपाट आवरताना हा प्रश्न येतो आणि उत्तर म्हणून भंगारवाल्याला हाक मारली जाते. त्या खोक्यात एखाद्या मैफलीची जगातली एकमेव प्रत असू शकते. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

बुरशी आलेली किंवा चिकट झालेली टेप घाईने वाजवून पाहू नये. चुंबकीय थर निघाला, तर आवाज त्याच्यासोबत जातो. लाखेच्या तबकड्या अल्कोहोल किंवा स्पिरिटने पुसू नयेत. लाख त्यात विरघळते. त्या उभ्या ठेवाव्यात. त्यांना लाँग प्लेची बारीक सुई चालत नाही, सुमारे तिप्पट रुंद टोकाची वेगळी सुई लागते. कॅसेटचे वेष्टन आणि त्यावरचे हस्ताक्षर यांचा फोटो आधी काढावा. वेष्टने पुढे हरवतात.

संग्रह मोठा असेल, तर अभिलेखागारांचा पर्याय आहे. मुंबईत एनसीपीएचा ध्वनिसंग्रह आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे 'आर्काइव्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले. ते आता गुरुग्राममध्ये आहे. खोके सोपवण्याआधी प्रत कुणाला, कोणत्या अटीवर ऐकायला मिळेल, हे लेखी ठरवून घ्यावे.

यंत्र, सुई, हार्ड डिस्क यांची सोय उद्याही होईल. त्या मैफलीत बसलेली माणसे मात्र कमी होत चालली आहेत. त्यामुळे पहिले काम बिनखर्चाचे आणि आजच करण्यासारखे आहे. कॅसेट वाजण्याजोगी असेल तर आजोबा, मावशी किंवा शेजारचे काका यांच्यासमोर ती लावावी आणि ते काय बोलतात, ते फोनवर मुद्रित करून घ्यावे. 'हा तर आपल्या गणपतीतला कार्यक्रम, तबल्यावर कोण होते सांगू का?' एवढे एक वाक्यही पुरते. ते वाक्य त्याच फाइलच्या नावात लिहावे आणि मग ती ग्रुपवर पाठवावी. अर्थातच डॉक्युमेंट म्हणून.